बदरीला नेलेले तीळ

“डोकं घेऊन या, मग बोलू.”

पगडीची वर्दी घेऊन नोकर आला की आमचे पगडबंद मान वर न करता एवढंच म्हणत. एकदा एका सरदारांचा कारकून म्हणाला, साहेबांना यायला सवड नाही. “मग भोपळा पाठवा,” हे म्हणाले, “मापात फार फरक पडायचा नाही.” शनिवार पेठेत त्यांच्या शेजारीच माझं रंगाऱ्याचं दुकान. त्यांच्या पगड्यांचं कापड मी रंगवायचो आणि टोमणे फुकट खायचो. तुम्हीही खाल्ले असतेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला आला असतात.

त्याच जिभेनं एकदा घात केला. एकुलत्या एक पोरानं बांधलेली पहिली पगडी वाकडी झाली, तेव्हा गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, “तुझ्या हातात भालाच बरा. त्याला घड्या घालाव्या लागत नाहीत.” नवी बायको घरात ठेवून पोरगा उत्तरेला जाणाऱ्या फौजेबरोबर निघून गेला.

फौज लढाई हरली. परतलेल्यांपैकी एक म्हणाला, त्याला पडताना पाहिलं. दुसरा म्हणाला, पहाडाकडे पळताना. भाऊबंद मागे लागले, क्रिया करून टाका, त्याचा जीव अडकलाय. पण क्रिया केली की सुनेचं कुंकू जाणार. वर्षं अशीच गेली. शेवटी गुरुजी म्हणाले, बदरीला जाऊन पिंड द्या, सुटेल बिचारा. म्हातारे निघाले.

तीळ सुनेनंच पुरचुंडीत बांधून दिले. म्हणाली, “मामंजी, पिंड दिलात तर तोंडानं सांगू नका. नुसते दारात उभे राहा. मी कुंकू पुसेन.”

परतले तेव्हा दारात उभं राहायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. बोळाच्या तोंडापासून ओरडत आले, “सूनबाई, कुंकू राहू दे!” अंगाचा सापळा झालेला, पायाची बोटं बर्फानं गेलेली, पुरचुंडी तशीच.

मला म्हणाले, “वाटेत रोज कुणीतरी मरायचं. नदीत सोडायचो आणि पुढे चालायचो. नावही माहीत नसायचं. वर पोचलो. तिथले भटजी म्हणाले, मृताचं नाव सांगा. अहो, ज्या जिभेनं त्याला घालवलं, त्याच जिभेनं मारून टाकू? नाही जमलं.”

त्यानंतर ती जीभ गेलीच. नोकर मालकाला न घेता आला तरी “बसा, दमला असाल,” म्हणत. ऐकून मला भीतीच वाटायची. आणि खरं सांगतो, त्यांचा रागही यायचा. सून ना धड सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. केस पिकले तरी रोज सकाळी ती कुंकू लावून सासऱ्यांपुढे दूध ठेवायची. ते आधी तिच्या कपाळाकडे पाहायचे, मग पेला उचलायचे.

एका थंडीत ते गेले. तोवर भाऊबंदांपैकीही कुणी उरलं नव्हतं, अग्नी मी दिला. दहाव्याला सून मुठेकाठी आली ती तीच पुरचुंडी घेऊन.

“काका, दोघांना पुरतील.”

मी पुरचुंडी घेतली आणि तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

“लढाईला गेलेले ते राहिले नाहीत, हे मला केव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “कुंकू मामंजींसाठी लावत होते.”

म्हाताऱ्यांचा पिंड झाला. गुरुजींनी दुसऱ्याचं नाव विचारलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून मी तोंड उघडलं. तिनं हातानं मला थांबवलं. पदरानं कपाळ पुसलं आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं त्याचं नाव घेतलं.