दारूकामाची काच

यंदाही संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत शोभेचं दारूकाम झालं. मी गेलो नाही. खाटेवर पडून आवाज ऐकले. गुडघे गेलेत म्हणून सांगतो लोकांना. खरं तर मनच नाही. बायको जाऊन आठ महिने झाले.

मी फोटोवाला. शाळा तिसरीपर्यंत. जन्मभर लोकांचे फोटो काढले, नवरानवरीचे, मेलेल्यांचेसुद्धा. बायकोचा एक नाही. आज काढू, उद्या काढू. घरचीच ती, कुठं पळून जात होती?

एकदाच कॅमेऱ्यासमोर आली. एका संक्रांतीला माझ्या डोक्यात आलं, दारूकाम टेकाडावरून काढावं. खाली देऊळ, तळं, गिरणीची धुराडी, सगळं येईल. कॅमेरा नि तिपाई मी उचलली. भाकरीचं फडकं नि कंदील तिच्याकडे. तेव्हा फोटो मसाला लावलेल्या काचेवर निघायचा. अंधारात भिंगाचं टोपण काढायचं, पाच-सहा बाण फुटू द्यायचे, मग टोपण लावायचं. तोवर दुसरा उजेड पडता कामा नये. म्हणून कंदिलावर घोंगडं टाकलेलं. कॅमेऱ्यात काच एकच भरून आणलेली.

टोपण काढलं. थंडीनं बोटं आखडलेली, ते निसटून धोंड्यांत पडलं. मी चाचपू लागलो, तर ही घोंगडं काढून कंदील घेऊन पुढं.

"अवो, हितं पडलंय बघा की!"

"अगं ए! उजेड! हो मागं!"

ती भ्याली आणि भिंगासमोरूनच पळाली. मी नाही नाही ते बोललो. मेंढरं राखणारा एक म्हातारा तिथंच शेकत बसला होता. म्हणाला, "फोटो काढताय का बायकोला हाकलताय, पावणं?" ती हसली नाही. फडकं उचलून टेकाड उतरू लागली.

घरी काच धुतली. बाण झकास उमटले होते, आणि मधून आरपार एक वाकडी रेघ. काचेवर उजेड काळा दिसतो.

"ही रेघ कसली वो?"

"तुझा कंदील. दुसरं काय!"

ती काच दिव्याशी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी आले की फोटोत."

मी म्हटलं, "लई शानी हायेस. घास ती."

खराब काच सोड्याच्या गरम पाण्यात घासून कोरी करायची आणि तसबिरीला लावायची, ही आमच्या धंद्यातली रीत. तिनं घासली. मी ती देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला लावली.

तिचा तेरावा झाल्यावर ती तसबीर उतरवली. खिळे उपसले, काच काढली, खिडकीशी धरली. वाटलं, एखाद्या कोपऱ्यात रेघेचं टोक तरी उरलं असेल. उलटी केली, तिरकी केली. काही नाही.

कुठलंही भांडं तिनं कधी अर्धवट घासलं नाही.