तिसरी तार

आमच्या यंत्रात कणांचा झोत धावतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यातून केसाहून बारीक तार सर्रकन फिरवायची आणि झोत केवढा रुंद आहे ते मोजायचं. ही तार चौकटीवर ताणून बसवायचं काम एकवीस वर्षं तारकाकूंकडे. एक श्वास सोडला की दुसरा घेईपर्यंत चिकटद्रव्याचा थेंब टेकवायचा, ही त्यांची रीत. तेवढ्यात कुणी बोललं तर काकू नुसत्या बघायच्या. तो माणूस मग आठवडाभर शिंकायलाही बाहेर जायचा.

झोताचा जोर वाढवला तशा धातूच्या तारा वितळायला लागल्या. मग कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पिळून केलेल्या नव्या तारा आल्या, त्याही तीनच. काकूंनी पहिली बसवली, ओलावा घालवायला चौकट भट्टीत ठेवली आणि तार तुटली. दुसरीचंही तेच झालं. मी इंजिनियर, त्यात उतावळा. काकूंचा हात हल्ली थरथरतो हे सगळ्यांना दिसत होतंच. मी अहवालात ठोकून दिलं, 'बसवणारीचा हात थरथरल्यामुळे.' आता तिसरी तुटली की काकूंचं टेबल जाणार आणि त्या भांडारात खोकी लावत बसणार, हे साहेबांनी सांगून टाकलं.

काकूंनी अहवाल वाचला, चष्मा पुसला. "तुटताना कुणी बघितलंय का रे तिला?"

कुणीच बघितलं नव्हतं. त्यांनी तुटक्या तारेचा तुकडा एका लहान चौकटीवर सैलसर लावला, चौकट गरम केली आणि मला भिंगातून बघायला लावलं. सैल तुकडा हळूहळू ताठ होत गेला.

"चौकट तापून वाढते," काकू म्हणाल्या. "जुनी तारही तिच्यासोबत वाढायची. ही बया कितीही तापली तरी वाढत नाही. ताण किती द्यायला सांगितला होतास?"

"जुनीइतकाच," मी म्हणालो. म्हणजे आधीच ताठ असलेली तार भट्टीत आणखी ताणली जाऊन तुटली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच.

तिसऱ्या तारेचं एक टोक काकूंनी पातळ स्प्रिंगवर बसवलं, चौकट वाढली की तारेऐवजी स्प्रिंग ताणली जावी म्हणून. तार भट्टीतून धड बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ती झोतातून फिरली आणि पडद्यावर झोताच्या रुंदीचा आलेख नीटस टेकडीसारखा उमटला. मला आनंद झाला, त्याहून जास्त लाज वाटली. मी अहवाल काढला आणि ते वाक्य खोडायला पेन उघडलं.

"खोडू नकोस," काकू म्हणाल्या. "हात थरथरतो हे खरंच आहे. त्याच्याखाली लिही, तिसरी याच हाताने बसली."