घंटेचा दोर

आमच्या उल्वेन खाडीत दोर वळणाऱ्या बाया पुष्कळ झाल्या, पण हेल्काची गाठ डोळे मिटूनही बोटांना कळायची. गाव तिला कजाग म्हणे. होतीच ती. पण कजाग बाईलाही कुणावर तरी विसंबून राहावंसं वाटतं. ती विसंबली थोरल्या भावावर, ओर्वानवर.

ओर्वान नामदोराचा राखणदार. नामदोर म्हणजे वॉलरसच्या कातड्याचा, मनगटाएवढा जाड. मूल जन्मलं की दोरवालीने या दोरावर त्याच्या नावाची तांतीची गाठ बांधायची, एकेका घराच्या गाठी ओळीने. पोरगी लग्न होऊन गेली की तिची गाठ माहेरच्या ओळीतून सुटून सासरच्या ओळीत बसे. आणि कुणी समुद्रात गेलं, तर पहिला बर्फ धरेल त्या दिवशी राखणदाराने किनाऱ्यावर त्याची गाठ सोडायची. मगच थोरली माय, आमची देवमाशीण, त्याचा जीव घरी धाडते. बांधायची दोरवालीने, सोडायची राखणदाराने. यात कधी अदलाबदल झाली नाही.

हेल्काचा नवरा तोस्क बुडाला तेव्हा दक्षिणेचे पुरोहित गावात येऊन तिसरं वर्ष लागलं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी आपले सात देव देवळातल्या मायच्या कवटीशेजारी मांडले. लोक म्हणाले, असू देत, पाहुणेच आहेत. दुसऱ्या वर्षी कवटी मागच्या भिंतीला गेली. तिसऱ्या वर्षी ती अंगणात आली, पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळू लागली, आणि आत हातात शिंपला घेतलेली एक गोरीगोमटी बाई उभी राहिली. "हीच तुमची माय," असं पुरोहित सेवेरान म्हणाला, आणि आमच्यातल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. मला अजून त्या मानांचा राग येतो.

"दादा, बर्फ धरला. तोस्कची गाठ सोड," हेल्का भावाला म्हणाली.

"यंदा नको गं. सेवेरान माझ्यावर डोळा ठेवून आहे. दोर छपरात लपवलाय मी. पुढच्या बर्फाला नक्की."

"मायची शपथ?"

"मायची शपथ."

पुढच्या बर्फालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. तिकडे तोस्क पाण्यात, इकडे ही रोज संध्याकाळी त्याच्या वाटीत माशाचं कालवण वाढून ठेवणार. शेजारीण समजूत घालायची, "अगं, तो नव्या देवांच्या दरबारात मध पीत बसला असेल."

"त्याला मध आवडत नव्हता," हेल्का म्हणायची.

मग देवळाला घंटा आली. ओर्वानच्या अंगावर लाल झगा आला, देवळालगतचं घर मिळालं. घंटा पहिल्यांदा ओढायचा मान बुडालेल्यांच्या विधवांना, आणि भावाने बहिणीचं नाव सर्वांत आधी घातलं. हेल्काला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सगळा गाव बघत असताना ती पुढे झाली आणि तिने दोर धरला.

डांबर फासलेलं होतं, पण बोटांना काय डांबर? तळहाताखाली तिची स्वतःची गाठ होती. तिच्याखाली तोस्कची. तिने वर चाचपलं. सासू, सासरे, शेजारचे, अख्खं गाव. तिने खाली चाचपलं. तोस्कच्या घरानंतर माहेरची ओळ यायला हवी होती, बाप, आई, ओर्वान, त्याची पोरं. तिथे दोर संपला होता. कडा ताजी कापलेली होती.

"आपली ओळ कुठाय, दादा?" तिने हळूच विचारलं.

ओर्वान झग्याची बाही नीट करत राहिला. "घरी आहे," तो शेवटी पुटपुटला.

म्हणजे त्याने देव बदलले म्हणून नव्हे. देव बदलले असते तर तिने एक वेळ पोटात घातलं असतं. हा गडी अजून तिच्याइतकाच मायला मानत होता. आपल्यापुरतं वाचवून बाकी गाव त्याने घंटेला बांधलं होतं. केसाने गळा कापला, तोही सख्ख्या भावाने.

"मग मी?"

"तू तोस्कच्या घरची झालीस ना, हेल्का."

तिने कमरेचा हाडाचा टोच्या काढला आणि तिथेच फरशीवर बसली. सेवेरान काहीबाही बोलत होता, ओर्वान "ऊठ, शोभा करू नकोस" म्हणत होता. डांबराने तोस्कची गाठ दगड झाली होती, नखं फुटली, पण उन्हं दारातून निघून जाईपर्यंत तिने ती सोडवली. राखणदाराचे मंत्र तिला ठाऊक नव्हते. "चल घरी," एवढंच म्हणाली. तोस्क आला की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवसापासून तिने वाटी वाढली नाही. तिची स्वतःची गाठ मात्र घंटेवरच राहिली.

वसंतात ओर्वानला नात झाली. भर दुपारी तो हेल्काच्या मागच्या दाराशी आला, झग्याखाली हातभर दोर घेऊन.

"पोरीची गाठ बांधायचीय गं. कुणाला कळायला नको."

तिने दोर हातात घेतला. बापाची गाठ होती, आईची होती. ओर्वानच्या गाठीशेजारी बोटभर जागा फिकी पडली होती. लग्नाआधी हेल्काची गाठ तिथे होती. तिने दोर परत दिला.

"ही बघ, माझी जागा मोकळी आहे. इथं बांध."

"मला बांधता येत नाही, हेल्का."

"मलाही सोडता येत नव्हती, दादा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.