बाईंचा हात

रत्नागिरीच्या इस्पितळात ऑपरेशनला उभं राहायला आम्हा नव्या नर्सांना ज्या थोरल्या बाई शिकवायच्या, त्यांची शिकवणी जेवतानाही चालायची. पंगतीत त्या तोंडाने काही मागायच्याच नाहीत, नुसता हात पुढे करायच्या. चिमूट दिसली की मीठ, पसा दिसला की सोलकढी. मी एकदा घाईघाईने पशात लोणचं वाढलं.

"डॉक्टरांचं तोंड बांधलेलं असतं गो! हाताकडे बघ. कात्रीच्या जागी चिमटा दिलास, तर रोग्याने काय लोणच्याशी खायचा?"

पुढे त्यांच्याच पोटाचं ऑपरेशन निघालं. टेबलावर पडल्या पडल्याही त्यांनी मला कात्र्या नीट लावायला लावल्या. क्लोरोफॉर्मचा मुखवटा जवळ आला, तसा चादरीतून त्यांचा हात बाहेर आला. चिमूट नाही, पसा नाही, नुसता उघडा पंजा. मी कात्र्यांकडे बघितलं, चिमट्यांकडे बघितलं, काही सुचेना. शेवटी माझा स्वच्छ धुतलेला हातच त्यात दिला.

त्यांनी तो गच्च धरला.

"किती वेळ लावलास गो!" थोड्या वेळाने हात सोडून म्हणाल्या, "आता जा, पुन्हा धुवून ये."