निळा रंग येईपर्यंत

दीक्षा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या पेशींचं खाद्य बदलत होते. "ताई, आमची दीक्षा गेली वं..." घाटंजीहून तिचा भाऊ एवढंच बोलला. सोमवारी येते म्हणून तापातच गावी गेली होती ती. मी बाटलीचं झाकण लावलं, बाटली इनक्युबेटरमध्ये ठेवली. रडू मागाहून आलं, आणि मग थांबेचना.

यवतमाळात आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही एकच. माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या, त्या म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबल्या की निळा रंग देऊन बघायचं. तो रंग म्हाताऱ्या पेशीच धरतात. एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दीक्षा ओरडली, "अवं पाह्य, केवढी लांब पेशी!" सरांनाही तिनं हाक मारली. सर बघून म्हणाले, "दीक्षा, हा कापूस आहे." रविवारी शेतात वेचणी करून बाई त्याच ओढणीत बसनं थेट लॅबमध्ये! मी तिला कापूस-शास्त्रज्ञ म्हणून इतकं पिडलं, की ती म्हणाली, "हास तू. पेपरात फोटो आला ना, तुले वळखनार बी नाई." आणि मग एकदम, "आपुन म्हाताऱ्या झाल्यावर कशा दिसू वं?" ...तिला ते कळायचंच नव्हतं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी पेशी थांबल्या. पसरट, सुस्त झाल्या. सर म्हणाले, आता रंग दे. पण रंग द्यायचा म्हणजे आधी पेशी मारायच्या, आणि तिच्या हातची जिवंत राहिलेली तेवढीच गोष्ट होती. मी टाळत राहिले. खोली खायला उठायची. पंखा कितीवर ठेवायचा यावर आमचं रोज भांडण व्हायचं; आता तो मी हवा तसा ठेवते, आणि मला अजिबात बरं वाटत नाही.

निळ्या रंगाचं काम अडलंय, हे मी तिच्या भावाला बोलले होते; शेवटी तिच्या आईचाच फोन आला. "पोरी, तिचं काम अर्धं नोको ठेवू."

त्या दुपारी मी पेशींवर रसायन ओतलं. रंग घातला. सकाळी पाहिलं, तर सगळीकडे निळंच निळं. लॅबमध्ये कोणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं बोलले. मग घाटंजीला फोन लावला.

"काकू, रंग आला. निळा."

त्या म्हणाल्या, "तिले सांगतलं का?"

"हो काकू. पयले तिलेच सांगतलं."