हाताने फाडलेले पंख

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना लोणावळ्यातल्या एका बालवाडीत मदतीला मुलगी हवी आहे असे कळले. सकाळी दोन तासांचे काम होते, आणि त्यानंतरची पुण्याची गाडी मला मिळत होती. वडिलांनी आधीच सांगून ठेवले होते, "गाडीचा पास तुझी तू काढलास तर शिक. न्हाईतर पुरं झालं आता." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले माझ्याआधी कुणी नव्हते, त्यामुळे माझी बाजू घेणारेही कुणी नव्हते.

बालवाडीच्या बाईंनी माझ्या हातात एक परदेशी चित्रांचे पुस्तक ठेवले. त्यात पंख असलेला, तोंडातून जाळ काढणारा भला मोठा साप होता. त्याला ड्रॅगन म्हणतात, असे त्यांनीच सांगितले. "शनिवारी ह्याची गोष्ट सांग. शेवटी राजपुत्र त्याला मारतो. मुलं अर्धा तास बसली तर सोमवारपासून ये."

घरी जाताना आमच्या गावाचा, कुरवंड्याचा चढ चढताना मी तीन दिवस त्या ड्रॅगनचाच विचार केला. चिक्कीच्या दुकानदाराकडून रिकामे खोके मागून आणले. पुठ्ठ्याचे अंग, कागदाचे पंख, तलवारीच्या जागी माझी फूटपट्टी. घरी पोचले की भातातली बेणणी, तण काढायचे काम असायचे, म्हणून कापायचे काम शुक्रवारवर ठेवले. शुक्रवारी नागपंचमी आहे हे माझ्या लक्षातच आले नाही. डोक्यात नुसत्या परीक्षेच्या तारखा.

अंगात कणकण होती. खोके पुढ्यात घेऊन कात्री उचलली, तशी आई चुलीपासून ओरडली, "ठेव ती! आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई."

"आये, कागूद हाय गं."

तिने जवळ येऊन पेन्सिलीने काढलेले सापाचे चित्र पाहिले. "कागूद असू दे. पर हाय तर लांबडंच न्हवं? आजच्या दिशी त्याच्यावर कात्री? शिकून हेच आलं का तुला?"

गोष्टीत शेवटी त्याला मारतात हेही मी तिला आधीच सांगून बसले होते, आणि वाद घालण्याइतके बळ नव्हते. देवळाजवळ पोरी झोक्यावर ओरडत होत्या. मी ओल्या बोटाने रेघा भिजवून पंख हाताने फाडत बसले. कडा वेड्यावाकड्या झाल्या. पुठ्ठा काही फाटेना, म्हणून अंगाला जुन्या धोतराची गुंडाळी केली.

शनिवारी बालवाडीत पंचवीसेक मुले सतरंजीवर बसली होती आणि बाई दाराशी खुर्ची टाकून. मी गोष्ट सुरू केली.

"बाई, जाळानं त्याचंच तोंड भाजत नाही?" एकाने विचारले.

"भाजतं. म्हणून तो सारखा नदीवर जातो," मी म्हटले. मुले हसली आणि पुढे सरकली.

मग राजपुत्र आला. मी फूटपट्टी उचलली. पुढे बसलेली एक मुलगी एकदम म्हणाली, "काल आमच्या आईनं त्याला दूध दिलं. आज मारायचं?"

सगळी मुले माझ्याकडे बघू लागली. फार विचार करून मी काही केले असे म्हणता येणार नाही. खरे सांगायचे तर माझा हातच वर राहीना. मी फूटपट्टी खाली ठेवली. "नाही मारायचं," म्हटले. "तो दमलाय. दिवसभर उडून उडून त्याचे पंख बघा कसे फाटलेत. आता तो आमच्या डोंगरावर जाऊन झोपणार आहे. आवाज करू नका." मी ती गुंडाळी मांडीवर घेतली. मुले गप्प झाली. दोघे-तिघे तिथेच आडवे झाले.

बाई घड्याळाकडे बघत उठल्या. "पुस्तकात असं नाही."

"नाही."

"पुढच्या वेळी आधी विचारायचं." त्या पुस्तक कपाटात ठेवत होत्या. "सोमवारी वेळेवर ये. आणि ते धोतर धुऊन आण."

घरी आले तेव्हा आई खुरपे घेऊन निघालीच होती. "मारलं का त्याला?"

"न्हाई. झोपलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दुसरे खुरपे माझ्या हातात दिले.