आत्याचा नेम आणि वैराटचं धुकं

आमच्या आत्याला साखर आहे आणि नेमही आहे, आणि या दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. नेम असा, की दिवस पाहिल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. दिवस म्हणजे सूर्य. आमच्या वऱ्हाडात सूर्य उगवत नाही, दिवस निघतो. आणि संध्याकाळी मावळत नाही, बुडतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात या नेमाचा कोणाला ताप नाही. आत्या मुलाकडे अकोल्याला राहते, आणि तिथला सूर्य तर असा, की नको नको म्हटलं तरी दर्शन देतो. पंचाईत होते ती पावसाळ्यात, झड लागली की. झड म्हणजे दिवसरात्र रिपरिपणारा, घरातल्या भिंतींनाही ओल आणणारा पाऊस. अशा वेळी आत्या गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसते, आणि तिच्यासोबत सगळं घर आभाळाकडे डोळे लावून बसतं. कधी दुपारी, कधी पार दिवस बुडायच्या बेतात ढगाला भोक पडतं, कोणीतरी "निघाला, निघाला!" म्हणून ओरडतं आणि ताट वाढलं जातं.

मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला "कावून?" विचारायची खोड. पोळ्याला बैलाचीच पूजा कावून, म्हशीची का नाही? संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोनच बहार कावून? आत्याच्या नेमाबद्दलही मी हे कितीदा विचारलं असेल. बाबा म्हणाले, तिच्या नवऱ्याच्या दुखण्यापायी घेतला असेल. आई म्हणाली, मूल राहत नव्हतं म्हणून. आत्याच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मी जन्मलो तवापासून हायेच. आईसोबतच आला असन." आणि खुद्द आत्या म्हणायची, "नेम सांगतला तं फळत नाही." म्हणजे विषय संपला.

मागच्या भाद्रपदात आत्या आमच्याकडे अमरावतीला आली होती. जेवताना चिखलदऱ्याचा विषय निघाला, आणि कळलं की सत्तरी ओलांडलेल्या या बाईने चिखलदरा पाहिलेलाच नाही. तिच्या सासरच्या गावातून, दर्यापूरकडच्या त्या सपाट काळ्या रानातून, उत्तरेला डोंगराची निळी रेघ रोज दिसायची. पण त्या रेघेवर जायचं काम कधी पडलं नाही. माझ्या नवऱ्याने सहज सांगितलं, की तिथलं वैराट हे सगळ्यात उंच टोक. आत्याचा हात ताटातच थांबला.

"सगळ्यात उंच? मंग तिथं दिवस पहिले निघत असन."

"निघत असेल," मी म्हटलं.

"अन् ढग खाली राहत असन."

मी नुकताच मोबाईलवर कुठल्या तरी डोंगराचा व्हिडिओ पाहिला होता. खाली ढगांचं पांढरंशुभ्र पीठ पसरलेलं आणि वर लालभडक सूर्य. मी आत्याला तो दाखवला. नवरा जीव तोडून सांगत होता, की तो डोंगर वेगळा, हा वेगळा. चिखलदऱ्याला या दिवसांत समोरचा माणूस खोकल्यावर ओळखू येतो. पण आत्या आणि मी एकाच माळेचे मणी. तिला दिवस कसा निघतो ते वरून पाहायचं होतं, आणि मला दिवस पाहताना आत्या कशी दिसते ते पाहायचं होतं. कारण नेम पाळताना ती नेहमी आमच्याकडे पाठ करून उभी राहते.

दोनच दिवसांनी आम्ही तिघं गाडीने निघालो. परतवाड्यापर्यंत छान ऊन होतं. आत्याने खिडकीतून दिवसाला हात जोडले आणि म्हणाली, "उद्या वरतं भेटू." घाट चढायला लागलो तसं एकेक वळण धुक्यात जाऊ लागलं. चिखलदऱ्यात पोचलो तेव्हा लॉजची पाटी वाचायला नवऱ्याला गाडीतून उतरावं लागलं. परत येऊन त्याने सीटवरचा माझा मोबाईल उचलला आणि माझ्याच हातात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न बोलण्यातही बरंच बोलता येतं.

सकाळी अंधारातच निघालो. खरी चूक तिथेच झाली, आणि ती आम्हा तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. आत्याच्या नेमाचे कायदे तिचे तिनेच केलेले आहेत: पाणी चालतं, औषध चालतं, चहा चालत नाही. त्यामुळे तिने रोजच्या सवयीने साखरेची गोळी घेतली. आता थोड्या वेळात दिवस निघेल, मग राजगिऱ्याचा लाडू खायचा, असा तिचा हिशेब. लाडूंची पुडी माझ्या पर्समध्ये होती.

जंगलाच्या चौकीवरचा माणूस घोंगडीतून तोंड काढून म्हणाला, "काही दिसत नाही वरतं. कावून जाऊन राहिले?"

"दिवस पाह्याले," आत्याने मागच्या सीटवरून उत्तर दिलं.

त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मुकाट्याने फाटक उघडलं.

वैराटला आम्ही पोचलो, असं गाडी थांबली म्हणून म्हणायचं. डोंगर, दरी, पूर्व, पश्चिम, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. वारा अंगावर थंड थेंब आणून टाकत होता. आत्याने डोक्यावरून पदर घेतला, शालीत हात घातले आणि एका दगडावर बसली. "पूर्व कोनती?" तिने विचारलं. नवऱ्याने मोबाईलमधलं होकायंत्र काढून बोट दाखवलं. त्या दिशेला तोंड करून ती वाट पाहू लागली, आणि आम्हीही.

हळूहळू पांढरं जास्त पांढरं झालं. म्हणजे उजाडलं. म्हणजे धुक्याच्या पलीकडे कुठेतरी तो निघाला होता. खाली गावोगाव लोक त्याच्या उजेडात चूळ भरत असतील, दूध काढत असतील. फक्त सगळ्यात उंच जागी येऊन बसलेल्या आम्हा तिघांनाच तो दिसत नव्हता. मला याची गंमत वाटत होती. ढगात राहून ढग दिसत नाही, एवढी साधी गोष्ट आपल्याला का कळली नाही, याचाच मी विचार करत होते.

मग आत्याने पदराने कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत घाम. मी तिचा हात धरला तर तो थरथरत होता.

"आत्या, चक्कर येतेय का?"

"नाही व. जरासं हलकं हलकं वाटून राहिलं."

उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर उतरली होती. मी लाडू काढला, तिने तोंड फिरवलं. मी रागावले, गयावया केली, डॉक्टरांची भीती घातली. ती एकच सांगत राहिली, "निघन ना आता. घाई कावून करतं?" नवरा म्हणाला, गाडी काढू, खाली परतवाड्याला नक्की ऊन असेल. पण खाली पोचायला घाट होता, आणि त्या धुक्यात घाट म्हणजे बैलगाडीच्या चालीने उतरणं. तेवढा वेळ नव्हता.

तेव्हा नवऱ्याला ती कल्पना सुचली. त्याने अकोल्याला आत्याच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. एक दांडी होती नेटवर्कची, तरी लागला. वहिनी गच्चीवर पळाली. अकोल्यात आभाळ निवळलं होतं. मोबाईलच्या काचेवर पाण्याची टाकी आली, वाळत घातलेली चादर आली, आणि मग एक पांढरा, डोळ्यात खुपणारा गोळा.

"पाहा आत्या, निघाला. तुमच्याच घरचा हाये," नवरा म्हणाला. अशा वेळी तोही वऱ्हाडी बोलतो.

आत्याचे हात सवयीने जोडले गेले. मी लाडू तिच्या ओठांपर्यंत नेला. तिने हात वर करून मला थांबवलं.

"म्या त्याले पाह्यलं," ती म्हणाली. "पण त्यानं मले कुठी पाह्यलं?"

असा प्रश्न मी आयुष्यात कधी विचारला नव्हता, आणि मला वाटायचं की प्रश्नांच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही. वहिनी मात्र तयारीची. ती तिकडून ओरडली, "थांबा आत्याबाई, मी फोन त्याच्याइकडे करतो! समोरचा कॅमेरा लावतो, म्हणजे तुमाले तो दिसन अन् त्याले तुमी दिसान!" आणि खरोखरच तिने फोनची काच सूर्याकडे धरली. म्हणजे त्या क्षणी अकोल्याच्या एका गच्चीवर आमची आत्या, शाल पांघरलेली, हात जोडलेली, सूर्याला दाखवली जात होती. आत्याने पदर सारखा केला. आणि तेवढ्यात चित्र अडकलं. सूर्य आहे तिथेच थांबला, वहिनीचा आवाज तुटला, फोन बंद पडला.

"अर्धंच झालं," आत्या म्हणाली, आणि एवढ्या थरथरीतही हसली.

मला हसू आलं नाही. मी तिच्यासमोर ओल्या गवतात बसले आणि चिडून म्हटलं, "तुझ्या जिवापेक्षा नेम मोठा आहे का? कोणासाठी घेतला होतास? काकांसाठी? ते गेले. मुलासाठी? त्याचं सगळं बरं आहे. मग आता कावून?"

तिने माझ्याकडे नाही, धुक्याकडे पाहत सांगायला सुरुवात केली.

"कोनासाठी नाही घेतला. लगन होऊन गेली तवा मी पोट्टीच होती. भरेल घर. दिवस निघायच्या पहिले चुलीपाशी बसा, दिवस बुडाल्यावर उठा. सयपाकघराले खिडकी नाही. एक झरोका होता, त्यातून धूर बाहीर जाये, उजेड आत नाही ये. जराशी बाहीर जाऊन येतो म्हटलं, का सासू म्हणे, कावून? काय काम हाये तुह्यं बाहीर?"

ती थांबली. श्वास लागत होता. मी लाडू तसाच हातात धरून बसले होते.

"मंग एका श्रावणात म्या सांगतलं, मले सपन पडलं, देवानं नेम देल्ला, दिवस पाह्यल्याबिगर जेवाचं नाही. सपन-बिपन काही नाही पडलं. पण नेमाले कोनी कावून म्हणत नाही बाई. सासूनं हात जोडले. सकायी सोताच म्हणे, जा व, दिवस पाहून ये. मी आंगनात नाही थांबली, पार वावराच्या धुऱ्यापावत, शेवटच्या बांधापावत गेली. रोज जाये. अन् झड लागली तं मजाच. दिवस निघत नाही, तं मी धुऱ्यावरच. उपाशी राहिली, पण बाहीर राहिली."

सगळ्या नातेवाइकांनी ज्या नेमाला हात जोडले, आम्ही पोरांनी ज्याची भीती बाळगली, तो एका सुनेने घराबाहेर पडायला शोधलेला रस्ता होता. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि त्या घराचा राग आला. तरी माझी खोड जाईना. मी विचारलं, "पण आता तर तुला कोणी अडवत नाही, आत्या. आता कशाला पाळतेस?"

"त्या घरात मले कोनी पाहे नाही. माह्या हाताची भाकर पाहत, भाकर करपली तं ते पाहत. मले तो एकटा पाहे. आता माह्यं भागलं म्हणून त्याले सोडून देऊ का मी?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. ज्यासाठी मी इथवर आले होते ते हेच होतं, पण मला वाटलं होतं तिच्या तोंडावर लाल ऊन पडलेलं असेल. ऊन नव्हतं. हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके होते, त्यातला एक सुरकुतीत गेलेला. पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. एका कानाची पाळी फाटून परत शिवलेली होती, आणि ती कधी फाटली, कशाने फाटली, हे मला ठाऊक नव्हतं.

"काय पाह्यतं व अशी?" तिने विचारलं.

"तुला."

"माह्यात काय पाह्याचं हाये?"

"पाहू दे ना."

तिने तोंड फिरवलं नाही. नवरा गाडीपाशी जाऊन उगाच काच पुसत राहिला. वारा आला, गेला, धुकं जागचं हललं नाही. मग आत्याने शालीतून हात बाहेर काढला आणि तळवा माझ्यापुढे धरला.

"आन थो लाडू."

तिने तो तुकड्या-तुकड्याने, सावकाश खाल्ला. मग दुसरा खाल्ला. हाताची थरथर हळूहळू थांबली, तेव्हा आम्ही तिला गाडीत बसवलं आणि घाट उतरू लागलो. तिसरा लाडू तिने स्वतःच मागून घेतला. परतवाडा जवळ आलं तसं धुकं एकदम संपलं आणि डाव्या हाताच्या झाडांवरून ऊन सरळ गाडीत आलं, तिच्या मांडीवर, शालीवर, तोंडावर.

"आत्या, पाहा, निघाला!" मी ओरडलेच.

ती लाडू चावत होती. तिने बाहेर पाहिलंही नाही.

"पाहू दे त्याले," ती म्हणाली. "मी जेवून राहिली."